मुलांचा हायपरथायरॉईड: गोळ्या इतकी वर्षं का चालतात?

थायरॉईड म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो कमी काम करणारा थायरॉईड (हायपो), म्हणजे वजन वाढणं, सुस्ती, सकाळी उपाशीपोटी एक गोळी आणि झालं. मुलांना होणारा हायपरथायरॉईड याच्या बरोब्बर उलटा. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडत राहते आणि शरीराचं सगळंच काम जोरात पळायला लागतं. त्यामुळे नात्यातल्या कुणाची हायपोची गोळी, त्यांचा डोस, त्यांचे सल्ले यातलं इथे काहीच कामाचं नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. मी हे लिहितेय ते मुख्यतः अशा आईवडलांसाठी ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट पडलाय आणि "तीन वर्षं तरी गोळ्या चालतील" हे डॉक्टरांचं वाक्य ऐकून ज्यांच्या पोटात गोळा आलाय.

कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. मुलांमधल्या हायपरथायरॉईडच्या १०० केसेसपैकी साधारण ९५ या ग्रेव्ह्ज डिसीजच्या असतात (आयर्लंडचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून हे नाव). एरवी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडते, त्यातून थायरॉईडला हार्मोन बनवायचा निरोप जातो, आणि पुरेसा हार्मोन झाला की पिट्युटरी गप्प बसते. ग्रेव्ह्जमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती एक अँटीबॉडी बनवते जी थायरॉईडवर टीएसएचच्या जागेवर जाऊन बसते, म्हणजे दाराच्या बेलचं बटण कुणीतरी दाबून धरलंय आणि सोडतच नाही अशी गत. पिट्युटरी तर कधीच गप्प झालेली असते, म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच अगदी तळाला, ०.०१ च्याही खाली, आणि फ्री टी४, टी३ (थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन) वर. ही अँटीबॉडी लक्षात ठेवा, ट्रीटमेंट एवढी लांबते ती तिच्यामुळेच.

मुलींमध्ये हे मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं, वयात येण्याच्या काळात सगळ्यात जास्त. घरात कुणाला थायरॉईडचा किंवा दुसरा ऑटोइम्यून (रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असा) आजार असेल तर शक्यता वाढते, टाइप १ डायबिटीस किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्येही वाढते. पण आईवडलांनी काहीतरी खाऊ घातलं किंवा घातलं नाही म्हणून हे झालं असं अजिबात नाही, त्यामुळे तो अपराधीपणा मनातून काढून टाका.

निदान बऱ्याचदा उशिरा होतं आणि त्याला कारण आहे. मोठ्या माणसाचं वजन उतरलं, छातीत धडधडलं की तो स्वतःहून डॉक्टरकडे जातो. मुलं तसं सांगत नाहीत. त्यांच्यात दिसतं ते असं की वर्गात लक्ष लागत नाही, मार्क घसरतात, एका जागी बसवत नाही, जरा काही बोललं की रडू नाहीतर आदळआपट, रात्री झोप नाही, आणि मग घरचे म्हणतात वयच तसं आहे, शाळा म्हणते एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासाची) तपासणी करून घ्या. या सगळ्यात एक बारीक खूण हमखास हातात असते ती म्हणजे वही. बोटांना बारीक थरथर असते त्यामुळे अक्षर बिघडतं, आणि सहा महिन्यांपूर्वीचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवलं तर फरक डोळ्यांना दिसतो. मुलाला दोन्ही हात पुढे ताणून बोटं पसरायला सांगा आणि वर एक साधा कागद ठेवा, थरथर असेल तर कागदाची कड हलताना दिसते. दुसरी गोष्ट नाडी. मूल गाढ झोपलेलं असताना मोजा, कारण नुसत्या टेन्शनने वाढलेली नाडी झोपेत खाली येते, थायरॉईडने वाढलेली झोपेतही जोरातच राहते. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना सांगायला ठोस काहीतरी हाताशी येतं.

बाकी लक्षणं म्हणजे भूक भरपूर पण वजन उतरतंय (काही मुलांचं उलट वाढतंही, एवढं खाल्लं जातं), घाम, गरम सहन न होणं, गळ्यावर पुढे सूज, जिने चढताना मांड्यांत ताकद नसणं, पाळी अनियमित होणं, उंची एकदम भरभर वाढणं. ही उंची बघून लोक खूश होतात पण हाडांचं वयही त्याबरोबर पुढे पळत असतं, म्हणजे हाडं वेळेआधीच पक्व होत असतात. डोळे मोठे किंवा टक लावून बघितल्यासारखे दिसू शकतात, पण डोळ्यांचा त्रास मुलांमध्ये सहसा मोठ्यांपेक्षा सौम्य असतो.

तपासणीत टीएसएच, फ्री टी४ आणि टी३ तिन्ही हवेत, कारण काही मुलांमध्ये टी४ ठीक दिसतं आणि फक्त टी३ चढलेलं असतं. त्याबरोबर ती अँटीबॉडी, रिपोर्टवर तिला टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी म्हणतात. ही टेस्ट महाग वाटली तरी टाळू नका. थायरॉईडला सूज येऊन साठलेला हार्मोन काही आठवडे रक्तात सांडत राहण्याचाही एक प्रकार असतो, हाशिमोटो या थायरॉईडच्याच दुसऱ्या ऑटोइम्यून आजाराच्या सुरुवातीला असं होऊ शकतं, आणि तो आपोआप शांत होतो, त्यात ग्रेव्ह्जची गोळी देऊन उपयोग नसतो कारण नवीन हार्मोन बनतच नसतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, अँटीबॉडी फरक सांगते. आणि केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या टेस्टच्या निदान दोन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा. बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त येतं, म्हणजे हुबेहूब ग्रेव्ह्जचा रिपोर्ट, आणि आजार नसताना ट्रीटमेंट सुरू होऊ शकते.

आता गोळ्या. मुलांमध्ये पहिली ट्रीटमेंट म्हणजे मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल. कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर मेथिमाझोलच होतं, पण डोस सारखा नसतो, १० मिलिग्रॅम कार्बिमाझोल म्हणजे साधारण ६ मिलिग्रॅम मेथिमाझोल, त्यामुळे एक मिळाली नाही म्हणून दुसरी तेवढ्याच मिलिग्रॅमची आणून दिली असं करू नका. मेथिमाझोल सुरुवातीला साधारणपणे दर किलो वजनाला दिवसाला ०.१५ ते ०.५ मिलिग्रॅम देतात, म्हणजे ३० किलोच्या मुलाला साडेचार ते पंधरा, आजार किती जोरात आहे त्यावर डॉक्टर ठरवतात. बहुतेकांना दिवसातून एकदाच पुरते.

प्रोपिलथायोयुरॅसिल म्हणजे पीटीयू नावाची तिसरी गोळी आहे, मोठ्यांना आधी सर्रास दिली जायची. तिच्यामुळे मुलांमध्ये लिव्हर निकामी होण्याच्या केसेस झाल्या, काहींना लिव्हर ट्रान्सप्लांट करावं लागलं, काही मुलं गेली, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) तिच्यावर सगळ्यात कडक दर्जाची वॉर्निंग टाकली. आज मुलांना ती नेहमीची ट्रीटमेंट म्हणून देत नाहीत, अगदी दुसरा मार्गच नसेल तेव्हा थोड्या दिवसांपुरती. तुमच्या प्रिस्क्रिप्शनवर हे नाव दिसलं तर का म्हणून विचारा, विचारायचा पूर्ण हक्क आहे.

गोळी सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं असं होत नाही, इथेच पहिली निराशा येते. गोळी नवीन हार्मोन बनणं थांबवते पण ग्रंथीत कित्येक आठवड्यांचा साठा आधीच भरलेला असतो आणि तो संपेपर्यंत धडधड, थरथर चालूच राहते. टी४ आणि टी३ जाग्यावर यायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या काळासाठी प्रोप्रॅनोलॉल किंवा अटेनोलॉल देतात, त्याने हार्मोन कमी होत नाही पण नाडी खाली येते, मुलाला झोप लागते. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, प्रोप्रॅनोलॉल दम्यात धोक्याचं आहे. आणि नाडी ताब्यात येईपर्यंत पळण्याच्या शर्यती, मॅच, कडक व्यायाम बंद. शाळेला एक चिठ्ठी द्या की परीक्षेत जरा जास्त वेळ लागेल, बाथरूमला सारखं जावं लागेल, वर्गात उकडेल. शिक्षकांना माहीत नसलं की मुलाला उगाच बोलणी बसतात.

आता जी गोष्ट मी प्रत्येक घरात फ्रिजवर चिकटवून ठेवायला सांगेन ती. या गोळ्यांचा एक दुर्मिळ पण गंभीर साइड इफेक्ट म्हणजे पांढऱ्या पेशी एकदम कोसळणं, म्हणजे अ‍ॅग्रॅन्युलोसायटोसिस. हजारात साधारण दोन ते पाच जणांना होतं, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत, पण नंतर होणारच नाही असं नाही. महिन्या-महिन्याला रक्त तपासून तो आधी पकडता येईल अशी खात्री नसते कारण पेशी काही दिवसांतच पडतात. म्हणून नियम असा की गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला, तोंडात फोड आले तर पुढची गोळी द्यायची नाही, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचं आणि त्यात न्यूट्रोफिलचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) प्रत्यक्ष आकडा बघायचा, नुसती टक्केवारी नको. आकडा चांगला असेल तर तो साधा व्हायरल, डॉक्टर सांगतील तशी गोळी परत सुरू. ५०० च्या खाली असेल तर हॉस्पिटल, आणि ही गोळी परत कधीच नाही. रविवार आहे, उद्या बघू, तापाची गोळी देऊन झोपवू, असं या एका बाबतीत चालत नाही. मूल आजीकडे किंवा सहलीला जाणार असेल तर तिथल्या मोठ्या माणसाला हे लिहून द्या. ट्रीटमेंट सुरू करायच्या आधीच एक सीबीसी आणि लिव्हरच्या टेस्ट करून ठेवतात त्या याचसाठी, नंतर तुलना करायला काहीतरी हवं. डोळे किंवा त्वचा पिवळी, लघवी गडद, खूप खाज, पोटात दुखणं ही लिव्हरची लक्षणं, तेव्हाही गोळी थांबवून लगेच फोन. अंगावर पुरळ किंवा पित्तासारख्या गांधी उठणं मात्र बऱ्यापैकी कॉमन आहे आणि ते अनेकदा अ‍ॅलर्जीच्या औषधाने निभावतं, सांधे दुखायला लागले तर मात्र सांगा.

दुसरी घबराट रिपोर्टची. दोन महिन्यांनी टेस्ट केली, टी४ नॉर्मल, टी३ नॉर्मल, पण टीएसएच अजून ०.०१ आणि शेजारी लाल रंगात लो. घरचे म्हणतात औषध लागूच पडत नाही, डोस वाढवा. तसं नाहीये. पिट्युटरी इतके दिवस दबलेली असते की ती परत बोलायला लागायला कित्येक महिने घेते, तोवर डोस टी४ आणि टी३ बघूनच ठरवायचा. टीएसएचच्या मागे लागून डोस वाढवला तर मूल हायपोमध्ये जातं, मग सुस्ती, वजन, आणि गळ्याची सूज उलट आणखी वाढते. सुरुवातीला चार-सहा आठवड्यांनी, नंतर दोन-तीन-चार महिन्यांनी टेस्ट, आणि गोळी हळूहळू कमी, ही सरळ पद्धत. जास्त डोस देऊन ग्रंथी पूर्ण बंद करायची आणि वरून थायरॉक्सिन (थायरॉईड हार्मोनची गोळी) द्यायचं अशीही एक पद्धत आहे, पण तिच्यात औषध जास्त जातं आणि साइड इफेक्टही डोसबरोबर वाढतात, त्यामुळे आज कल पहिल्या पद्धतीकडेच आहे.

वजनाबद्दल मोकळेपणाने बोलायलाच हवं, विशेषतः टीनएजर मुलींशी. आजाराच्या काळात हवं ते खाऊन वजन उतरत होतं, ट्रीटमेंट लागू पडली की ते परत येतं, थोडं जास्तही येतं, कारण भूक पूर्वीचीच आणि जळणं मात्र नॉर्मल झालेलं. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर मुलगी आरशात बघून निष्कर्ष काढते की गोळीने जाड केलं आणि गुपचूप गोळ्या टाकून देते. मग रिपोर्ट बिघडतो, डॉक्टर डोस वाढवतात, ती आणखी टाकते. रागावून उपयोग नाही. पहिल्याच दिवशी सांगा की असं होणार आहे आणि ते बरं होण्याचं लक्षण आहे, आणि भूक ताब्यात यायला दोन-तीन महिने जेवणाकडे घरातल्या सगळ्यांनीच मिळून लक्ष देऊया. रोज गोळी डोळ्यांसमोर घेतली जाते ना एवढं बघा, सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीतसुद्धा. अचानक गोळ्या बंद झाल्या आणि त्यात एखादं इन्फेक्शन आलं तर थायरॉईड स्टॉर्म होऊ शकतं, खूप ताप, नाडी बेफाम, उलट्या, जुलाब, मूल बरळतंय, ही आयसीयूची इमर्जन्सी आहे.

आता मूळ प्रश्न, किती वर्षं. गोळी हार्मोन थोपवते, ती अँटीबॉडी मात्र रोगप्रतिकारशक्ती स्वतःहून शांत होईल तेव्हाच कमी होणार, आणि मुलांमध्ये ती मोठ्यांपेक्षा सावकाश शांत होते. मोठ्यांना दीड वर्ष गोळ्या देऊन थांबवलं तर निम्म्याच्या आसपास लोकांचा आजार परत येत नाही, मुलांमध्ये दोन वर्षांनी थांबवलं तर १०० पैकी जेमतेम २० ते ३० जणांचं निभावतं. पण चालू ठेवलं तर आकडा वाढत जातो, फ्रान्समध्ये मुलांना वर्षानुवर्षं फॉलो करून केलेल्या अभ्यासात दहा वर्षांपर्यंत जवळपास निम्मी मुलं औषधाशिवाय ठीक झाली होती. म्हणून २०२२ च्या युरोपियन गाइडलाइन्स मुलांसाठी निदान तीन वर्षं म्हणतात, आणि सुरुवातीलाच आजार जोरात असेल तर पाच किंवा जास्त. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण दोन वर्षं झाली तरी गोळी सुटत नाही म्हणून हताश होणारे आईवडील खूप आहेत, आणि प्रत्यक्षात त्यांचं मूल अगदी अपेक्षित वाटेवर असतं, शाळेत जातंय, खेळतंय, वाढतंय. गळ्याची गाठ मोठी, अँटीबॉडी खूप जास्त, वय लहान असेल तर वेळ जास्त लागतो. थांबवायच्या आधी अँटीबॉडी परत तपासतात, ती अजून वर असेल तर घाई करत नाहीत. थांबवल्यावर परत आला तर तो सहसा पहिल्या वर्ष-दीड वर्षात येतो, तेव्हा टेस्ट चुकवू नका.

गोळ्या सहन होत नाहीत, घेतल्याच जात नाहीत, किंवा आजार परत परत येतोय, तेव्हा कायमचे दोन उपाय आहेत. रेडिओआयोडीन (किरणोत्सर्गी आयोडीन) आणि ऑपरेशन. दोन्हींचा शेवट सारखाच, ग्रंथी जाते आणि आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी लागते. हे ऐकून लोक म्हणतात एका गोळीतून सुटून दुसरीत अडकलो, पण थायरॉक्सिन साधी गोळी आहे, शरीरात जे असतं तेच देते, पांढऱ्या पेशींची भीती नाही, एकदा डोस बसला की वाढत्या मुलाला वर्षात दोन-तीन टेस्ट पुरतात. फक्त उपाशीपोटी घ्यायची आणि लोह, कॅल्शियमपासून चार तास लांब.

रेडिओआयोडीन १९४१ पासून वापरात आहे, म्हणजे काही नवीन प्रयोग नव्हे. कॅप्सूल किंवा द्रव प्यायला देतात, थायरॉईड आयोडीन ओढून घेतो आणि आतून जळून जातो, परिणाम यायला दोन ते सहा महिने. पाच वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, पाच ते दहामध्ये फक्त ऑपरेशन शक्य नसेल तर. मुलांमध्ये अर्धवट डोस देऊन थोडी ग्रंथी शिल्लक ठेवायची नसते, उरलेल्या पेशींवर रेडिएशन बसलेलं असतं आणि तिथे पुढे गाठीचा, कॅन्सरचा धोका राहतो, म्हणून डोस पुरेसा देऊन पूर्ण संपवतात. डोळ्यांचा आजार चालू असेल तर तो यानंतर बिघडू शकतो, तेव्हा सहसा टाळतात. वयात आलेल्या मुलीची आधी प्रेग्नन्सी टेस्ट करतात, त्यात अपमान वाटून घेऊ नका, सगळ्यांचीच होते. नंतर काही दिवस लहान बाळं आणि गरोदर बाईपासून लांब राहायचं.

ऑपरेशनमध्ये पूर्ण ग्रंथी काढतात. गाठ खूप मोठी असेल, मूल लहान असेल, डोळ्यांचा त्रास असेल किंवा ग्रंथीत संशयास्पद गाठ असेल तर हेच बरं. इथे सगळा खेळ सर्जनच्या हातावर आहे. ग्रंथीला चिकटून आवाजाची नस जाते आणि मागे कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्यांना धक्का लागला तर हातापायाला मुंग्या, पेटके, बहुतेकांना थोडे दिवस, काहींना कायमचं कॅल्शियम घ्यावं लागतं. म्हणून सरळ विचारा, तुम्ही वर्षाला थायरॉईडची किती ऑपरेशनं करता, त्यात मुलं किती, आवाज आणि कॅल्शियमचा त्रास किती जणांना राहिला. ढोबळ माप म्हणून वर्षाला तीसच्या वर असावीत. चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही. ऑपरेशनच्या आधी हार्मोन नॉर्मल आणून मग साधारण दहा दिवस आयोडीनचे थेंब देतात, ग्रंथीतला रक्तपुरवठा कमी होतो.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. आयोडीनवालं साधं मीठ बंद करायची गरज नाही, पण आयोडीनच्या, समुद्री शेवाळाच्या गोळ्या किंवा "थायरॉईड सपोर्ट" लिहिलेली सप्लिमेंट्स घेऊ नका. आयोडीनचा कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन करायची वेळ आली तर तिथे ग्रेव्ह्ज असल्याचं सांगा. घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर ती घराबाहेर गेलीच पाहिजे, धुराने डोळ्यांचा आजार बळावतो हे पक्कं माहीत आहे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट पुढच्या कित्येक वर्षांसाठी लिहून ठेवायची आहे. मेथिमाझोल, कार्बिमाझोल चालू असताना गर्भ राहिला तर पहिल्या काही आठवड्यांत बाळाला व्यंगाचा धोका असतो, त्यामुळे मोठ्या झालेल्या मुलीला हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, लाजून चालत नाही, आणि बाळाचा विचार सुरू झाला की आधी डॉक्टर गाठायचा. ग्रंथी काढून टाकली किंवा जाळून टाकली तरी रक्तातली अँटीबॉडी राहू शकते, ती वारेतून बाळापर्यंत जाते आणि आई थायरॉक्सिनवर छान असताना पोटातल्या बाळाचा थायरॉईड मात्र पळायला लागतो. अशा बाळाला वेळेत ओळखलं तर औषधं देता येतात आणि आईकडून आलेली अँटीबॉडी काही महिन्यांत विरून जाते. तेव्हा लहानपणी ग्रेव्ह्ज होता, ऑपरेशन झालं, आता मी ठीक आहे, असं म्हणणाऱ्या मुलीने गरोदरपणात पहिल्याच भेटीत ही हिस्टरी सांगून अँटीबॉडीची टेस्ट मागून घ्यायची, आणि त्यासाठी आजच्या सगळ्या रिपोर्टची एक फाइल तिच्या नावाने नीट जपून ठेवा.